एका दमात ओढलेल्या चार रेघा

निघोज्याच्या कंपनीत भीमराज ओव्हाळांच्या स्टेशनवर टेम्पोचा मागचा अ‍ॅक्सल यायचा. त्यावर आठ नट. प्रत्येक नट आधी हाताने चढवायचा, मग टॉर्क रेंचने आवळायचा. ठरलेला जोर भरला की रेंच ‘टक्’ करतो; तिथे थांबायचं आणि पिवळ्या पेंटच्या मार्करने नटावरून खाली लोखंडावर एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे सही. पुढच्या माणसाने रेघ बघायची आणि आपलं काम सुरू करायचं. पुन्हा रेंच लावून बघायला कुणाकडे वेळ नसतो.

म्हणजे आठ वेळा रेंच खाली ठेवा, आठ वेळा मार्कर उचला. भीमराजांनी दोन वर्षं हे असंच केलं. मग त्यांनी क्रम बदलला. आधी आठही नट आवळून घ्यायचे, रेंच टांगायचा आणि मार्कर एकदाच उघडून आठ रेघा एका दमात ओढायच्या. एका अ‍ॅक्सलमागे अकरा सेकंद वाचले. काम सोपं करणाऱ्या सूचनेला कंपनीत कायझेन म्हणतात. त्या वर्षीचं उत्तम कायझेन भीमराजांचं ठरलं. दोन्ही शिफ्टसमोर टाळ्या झाल्या, फ्रेममधलं प्रशस्तिपत्र मिळालं. स्टेशनवर टांगलेला कामाचा तक्ता नवा छापला गेला आणि त्याच्या तळाला आलं – ‘सूचना: बी. डी. ओव्हाळ’.

पद्धत चांगली होती. तिला एक अट होती. आठ वेळा ‘टक्’ मोजल्याशिवाय मार्करला हात लावायचा नाही. ही अट तक्त्यावर नव्हती. ती लिहायला लागते असं भीमराजांना वाटलंच नाही. ते मोजत होते. न मोजता रेंच चालवणारा फिटर असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं.

त्यांचा जन्म पिंपळे गुरवचा. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होते, सायकलने जात-येत. भीमराजांनी आयटीआय केलं आणि निवृत्त होईपर्यंत तेहेतीस वर्षं एकाच कंपनीत काढली, आधी पिंपरीला, मग लाइन हलली तसं निघोज्याला. तेवढ्या वर्षांत त्यांच्या स्टेशनवरून गेलेला एकही अ‍ॅक्सल परत आला नाही. हे ते स्वतः सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “रजिस्टर बघा.”

शेखर येळवंडे त्यांच्या हाताखाली शिकला. तो निघोज्याचाच. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि तो त्याच जमिनीवरच्या शेडमध्ये कंत्राटी कामगार म्हणून उभा राहिला. हात चांगला होता. भीमराजांनी त्याला रेंच कसा धरायचा इथपासून शिकवलं. रेघ ओढताना मनगट उचलायचं नाही, शेवटी उजवीकडे थोडं वळवून सोडायचं, म्हणजे रंग ओघळत नाही, हेही शिकवलं. चार वर्षांनी कंत्राट संपलं. शेखरने कोर्स केला आणि पुण्याच्या पलीकडे एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये कामाला लागला. कॉलेजच्या हवाई कॅडेटांना जी छोटी दोन सीटची विमानं शिकवायला वापरतात, त्यांची देखभाल तो करू लागला.

पहिल्या दिवाळीला पेढे घेऊन आला.

“मामा, इमानाला बी नटच असत्यात.”

“मग काय असणार, साबुदाणा?”

भीमराजांची मुलगी मैत्री तेव्हा दहावीत होती. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती. ती पेढ्याचा खोका मांडीवर घेऊन बसली होती. “शेखरदादा, मला बसवणार का विमानात?”

“माझ्या हातात असतं तर आत्ताच बसवली असती. कॅडेट व्हावं लागतं त्याला. पहाटे पाचला उठावं लागतं.”

“मग संपलंच,” आई यशोदाबाई आतून म्हणाल्या. “आठच्या शाळेला हिला ओढून उठवावं लागतं.”

कॉलेजात गेल्यावर मैत्री कॅडेट झाली. पाचला स्वतः उठू लागली. परेडच्या आदल्या संध्याकाळी ती बुटांना पॉलिश करायची आणि भीमराज तपासायचे.

“टाचेच्या कडेला राहिलंय.”

“पप्पा, टाच कोण बघतं?”

“मी बघितली ना.”

पुढच्या आठवड्यात तिने बूट उलटे करून त्यांच्यापुढे ठेवले. “घ्या. तळवेपण घासलेत. आता बोला.” भीमराजांनी तळवे खरोखर बघितले. एका खाचेत माती होती, पण ते बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षाला विमानात बसायचा नंबर लागला तेव्हा यशोदाबाई अडून बसल्या. संमतीच्या कागदावर आईबापाची सही लागत होती. दोन दिवस कागद फ्रिजवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी भीमराज म्हणाले, “विमान आवळतो कोण? शेखर. शेखरला शिकवलं कुणी?” यशोदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि सही केली.

*

फेब्रुवारीतला सोमवार होता. मैत्रीचं तिसरं उड्डाण. विमान प्रशिक्षक उडवतो, वर गेल्यावर पाच-सात मिनिटं विमान चालवायचा दांडा कॅडेटच्या हातात देतो, मग उतरवतो. तिच्यानंतर तिची मैत्रीण श्रद्धाचा नंबर होता. श्रद्धा खाली बाकावर बसून बघत होती. विमान दूर माळावर होतं. त्याचं नाक एकदम वर गेलं, विमान क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि एका बाजूने खाली आलं. प्रशिक्षक आणि मैत्री दोघंही जागीच गेले.

फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वीस झाले होते. भीमराज मोरीतल्या नळाचा नट आवळत होते. पाना तिथेच ठेवून ते उठले.

पुढचे दिवस जसे जातात तसे गेले. गल्लीतल्या लोकांनी सगळं केलं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुढे जलदान विधी झाला. श्रद्धा आणि बाकीचे कॅडेट गणवेशात आले होते. शेखर दाराशी उभा राहिला. यशोदाबाईंनी जेवायला बस म्हटलं तर हात जोडून मागे सरला. भीमराजांनी ते बघितलं आणि दुःखामुळे असेल असं धरलं.

विधीच्या दुसऱ्या दिवशी मोरीतून पाणी बाहेर आलं. नळ सुटला होता.

“तुम्ही आवळला होता ना?” यशोदाबाईंनी विचारलं.

“हो,” भीमराज म्हणाले. नट आवळल्याचं, शेवटी पाना दाबल्याचं त्यांना नीट आठवत होतं. खाली बसून त्यांनी हात लावला तर नट दोन बोटांनी फिरत होता. त्यांनी पाना घेऊन तो पुन्हा आवळला.

*

महिन्याभराने चौकशी समितीने त्यांना बोलावलं. धावपट्टीजवळच्या एका खोलीत तीन माणसं बसली होती. प्रमुख अधिकारी हवाई दलातले, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी आधी पाणी दिलं.

“मैत्रीला आदल्या दिवशी ताप वगैरे?”

“नाही.”

“झोप?”

“साडेनऊला झोपली. पाचला उठली.”

“स्वभावाने घाबरट होती का? अचानक दचकणं, असं काही?”

“हे का विचारताय साहेब?”

 अधिकारी सरळ बोलले. “विमानाचं नाक एकदम वर गेलं. दांडा जोरात मागे ओढला की तसं होतं. वेळ बघता तेव्हा दांडा कॅडेटच्या हातात असावा. अजून ठरलेलं नाही. पण दुसरं कारण सापडलं नाही, तर अहवालात तसं येईल.”

“म्हणजे तिच्या चुकीमुळे?”

“शिकाऊ मुलगी होती. दोष असा कुणी देणार नाही.”

“पण लिहिणार.”

“लिहावं लागेल.”

टेबलावर फोटोंची फाइल होती. भीमराजांनी तिच्याकडे बोट केलं. “बघू का?”

“तुम्हाला त्रास होईल.”

“माणसांचे नकोत. लोखंडाचे दाखवा.”

अधिकाऱ्यांनी पानं निवडून पुढे केली. विमानाची शेपटी, आणि शेपटीचा आडवा पंख अंगाला जिथे जोडतात तिथली लोखंडी पट्टी. तिच्यावर ओळीने चार बोल्ट. तीन नट जागेवर, तिसऱ्या बोल्टचा नट निघालेला. तो त्याच ढिगाऱ्यात सापडला होता.

“हा आपटल्यावर निघाला असं आम्ही धरलंय,” अधिकारी म्हणाले. “चारही नटांना मार्किंग आहे. मेकॅनिकने एकेक नट आवळून लगेच एकेक मार्क केल्याचं लिहून दिलंय. इथला नियमही तोच आहे.”

भीमराजांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पहिली रेघ जाड होती. दुसरी जरा कमी. तिसरी, जी सुट्या नटावर अर्धी आणि पट्टीवर अर्धी होती, त्याहून बारीक. चौथी फिकट. एकेक नट आवळून रेघ मारली तर दर वेळी मार्कर हलवून घ्यावा लागतो आणि चारही रेघा सारख्या जाड येतात. या रेघा एकाच दमात ओढल्या होत्या. प्रत्येकीचं टोक उजवीकडे किंचित वळलेलं होतं.

तिसऱ्या भोकापाशी नटाखाली घालतात तो चकतीसारखा वायसर चिखलाने चिकटून राहिला होता. भीमराजांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. नट दाबून बसला की वायसरवर चकचकीत गोल ठसा उमटतो. बाकीच्या तिघांवर नटाभोवती त्याची कड दिसत होती. यावर ठसाच नव्हता.

“काय झालं?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मला चार दिवस द्या साहेब,” भीमराज म्हणाले. “मग सांगतो.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसने निघोज्याला गेले. शेखर घरीच होता. चौकशी होईपर्यंत त्याला हँगरमध्ये यायची मनाई होती. गोठा काढून बांधलेल्या खोलीपुढे तो मोटारसायकल पुसत होता. भीमराजांना बघून उठला.

“मामा, तुमी? या की, बसा. च्या टाकायला सांगतो.”

“चहा नको. तिसऱ्या नटाला ‘टक्’ ऐकलं होतंस का?”

शेखरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“आवळलं व्हतं मामा. चारी.”

“मी ते विचारलं नाही. ‘टक्’ ऐकलंस का?”

“आता इतक्या दिसांनी...”

“वायसरवर ठसा नाही, शेखर. मी फोटो बघून आलोय.”

शेखर पायरीवर बसला. घरातून त्याच्या लहान मुलीचा आणि बायकोचा आवाज येत होता. त्याने दार ओढून घेतलं.

“चारी नट हातानं चढवले, दोन आवळले व्हते,” तो हळू बोलला. “तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, दुसरं इमान ढकलायला माणूस कमी हाय म्हनून. धा मिनिटं गेली. परत आलो न् शेवटचा आवळला. मला वाटलं तिसरा झालाय. देवाशपथ मामा, मला वाटलं. मग मार्कर घेतला न् चारी वढल्या. तुमी शिकवल्या तशा.”

भीमराज पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“रेघ व्हती तर मलाबी पटलं का समदं झालंय. सकाळी तपासनीस आला, त्यानंबी रेघच बघितली.”

“तिथला नियम एकेक करायचा होता.”

“व्हय.”

“मग?”

“हात तसाच बसलाय मामा. चार वर्सं तुमच्या शेजारी काढली. हात दुसरं करतच न्हाई.”

बोलताना तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, “मी सांगितलं तर जेल व्हईल. लायसन तर जाईलच. दोन लेकरं हायेत.”

“आणि नाही सांगितलं तर मैत्रीने दांडा ओढला असं लिहितील.”

शेखरला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून भीमराजांना ते कळलं. त्याने फडकं तोंडावर धरलं. भीमराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि त्याला शिवीही दिली नाही. मोरीतला नळ त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

“मी शुक्रवारी जाणार आहे,” ते उठत म्हणाले. “मला जे माहीत आहे ते लिहून देणार. तुला काय सांगायचं ते तू ठरव.”

*

घरी येऊन त्यांनी यशोदाबाईंना सगळं सांगितलं. नट, रेघा, शेखर, हाक, सगळं. भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे बोट करून सांगितलं की ही पद्धत तिथून आली. यशोदाबाई गवार मोडत होत्या. मोडत राहिल्या.

“म्हणजे शेखरनं केलं,” त्या म्हणाल्या.

“शेखरनं केलं.”

“आणि तुम्ही शिकवलं.”

“हो.”

“संमतीच्या कागदावर मी सही करत नव्हते.”

“हो.”

गवार संपली. त्यांनी ताट बाजूला सारलं. “मग आधी तुमचं नाव लिहा. त्याचं नंतर. आणि माझ्या पोरीनं काही ओढलं नाही, हे पहिल्या ओळीत लिहा.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. पुढे तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

भीमराजांनी आयुष्यात लांब असं काही लिहिलं नव्हतं. तीन दिवस लागले. दोन वह्यांचे कागद गेले. शेवटी दोन पानं झाली. पहिल्या पानावर पहिली ओळ यशोदाबाईंनी सांगितलेली, मग त्यांनी आठ नटांची पद्धत लिहिली, कुठल्या वर्षी कुणी काढली, तिच्यात कुठली अट होती आणि ती कशी लिहायची राहिली. दुसऱ्या पानावर चार रेघांचं आणि वायसरचं. शेखर काय म्हणाला ते त्यांनी लिहिलं नाही. ते शेखरने सांगायचं होतं. पण हा हात माझ्या तालमीतला आहे, मी तो ओळखतो, असं लिहून खाली सही केली.

शुक्रवारी अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं वाचली, फाइल उघडली, चार रेघांवर भिंग धरलं आणि शेजारच्याला दिलं.

“ओव्हाळसाहेब, वायसर आम्ही प्रयोगशाळेत पाठवतो. पण हे पहिलं पान तुम्ही का दिलंत? त्याची गरज नव्हती.”

“त्याशिवाय दुसरं पान पटणार नाही साहेब. त्याने असं का केलं, हे कुणाला समजणार नाही. चुकार पोरगा म्हणाल. तो चुकार नाही.”

शेखर त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी तो स्वतः गेला आणि आधीचा जबाब चुकीचा आहे असं सांगून नवा दिला. हे भीमराजांना श्रद्धाकडून कळलं. शेखरने त्यांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

*

मे महिन्यात भीमराज जुन्या कंपनीत गेले. गेटवर नवीन सुरक्षारक्षक होता, त्याने बसवून ठेवलं. आतून स्नेहल गाडे नावाची इंजिनिअर आली. लाइन आता तिच्याकडे होती.

“काका, तुमचं नाव रोज वाचते मी तक्त्यावर. काय काम काढलंत?”

“तोच तक्ता बदलायचाय.”

त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. स्नेहलने अधेमध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, “काका, अकरा सेकंद परत घातले तर शिफ्टला बारा अ‍ॅक्सल कमी पडतील. वर मला उत्तर द्यावं लागेल.”

“द्या. मी येतो सोबत.”

दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की इथे कधी काही झालं नाही. भीमराज म्हणाले, “माझ्याकडूनही झालं नव्हतं.” मग तक्ता बदलला. नट, ‘टक्’, रेघ. पुढचा नट. कामगार पहिल्या आठवड्यात कुरकुरले. एकाने तोंडावरच म्हटलं, “मामा, स्वतः बक्षीस घेतलं आणि आमच्या हाताला काम वाढवलं.”

“हो,” भीमराज म्हणाले आणि त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी एक अख्खा अ‍ॅक्सल करून दाखवला. आठ वेळा रेंच खाली ठेवला, आठ वेळा मार्कर उचलला. तळाशी नाव कुणाचं टाकायचं असं स्नेहलने विचारलं तर नको म्हणाले.

अहवाल ऑगस्टमध्ये आला. इंग्रजीत होता. श्रद्धा पिंपळे गुरवला घेऊन आली आणि सतरंजीवर बसून तिने वाचून मराठीत सांगितला. शेपटीचा तिसरा नट उड्डाणाआधीच सैल होता. पंख हलला, त्यामुळे नाक वर गेलं. प्रशिक्षकाने विमान सावरायचा प्रयत्न केला होता. कॅडेटकडून कोणतीही चूक झाली नाही.

“परत वाच,” यशोदाबाई म्हणाल्या.

श्रद्धाने परत वाचलं. मग पुढच्या ओळीपाशी ती थांबली आणि भीमराजांकडे बघितलं.

“वाच,” ते म्हणाले.

मेकॅनिकला मार्किंगची ही सवय त्याच्या पूर्वीच्या कारखान्यात लागली, ती पद्धत काढणारे निवृत्त कामगार श्री. ओव्हाळ यांनी स्वतः पुढे येऊन माहिती दिली. मेकॅनिकवर कारवाईची शिफारस होती. त्याने स्वतःहून जबाब बदलल्याची नोंद होती.

“हिचं आणि यांचं, दोन्ही एकाच पानावर आहे?” यशोदाबाईंनी विचारलं.

“हो काकू.”

“वर कुठलं?”

“मैत्रीचं.”

यशोदाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या आणि भीमराजांना म्हणाल्या, “चहा करते. तुम्ही तेवढं मोरीतल्या नळाचं बघा. परत ठिबकतोय.”

भीमराजांनी पाना घेतला. ते खाली बसले, नट हाताने चढवला आणि मग पाना लावला. बाहेर श्रद्धा कागद गोळा करत होती. तिने काहीतरी विचारलं. नट पूर्ण बसेपर्यंत भीमराजांनी उत्तर दिलं नाही.